ब्रायन क्लफने संघ कसे बांधले

३० मे १९७९ रोजी म्युनिकच्या ऑलिम्पिक स्टेडियमवर युरोपियन कपच्या (आजच्या चॅम्पियन्स लीगच्या) अंतिम सामन्यासाठी इंग्लंडच्या नॉटिंगहॅम फॉरेस्ट क्लबचे जे अकरा जण उतरले, त्यांची नावं एकदा सावकाश वाचावीत. शिल्टन, अँडरसन, लॉइड, बर्न्स, क्लार्क, फ्रान्सिस, मॅकगव्हर्न, बोयर, रॉबर्टसन, वुडकॉक आणि बर्टल्स. यातले अँडरसन, बोयर, रॉबर्टसन आणि वुडकॉक हे चौघं मॅनेजर ब्रायन क्लफ यायच्या आधीपासून क्लबातच होते, आणि तेव्हा क्लब दुसऱ्या डिव्हिजनमध्ये, म्हणजे इंग्लिश लीगच्या वरून दुसऱ्या स्तरावर, तेराव्या नंबरवर होता. फ्रँक क्लार्कला न्यूकॅसलने मोकळं केलं होतं, तो फुकट आला. गॅरी बर्टल्स लीगबाहेरच्या लाँग ईटन युनायटेडमधून २,००० पौंडांत आला. त्याआधी तो लोकांच्या घरी कार्पेट बसवायचं काम करायचा. म्हणजे निम्मा संघ मिळून खर्च दोन हजार पौंड. आणि त्याच अकरांमध्ये ट्रेव्हर फ्रान्सिस होता, ब्रिटिश फुटबॉलमधला पहिला दहा लाख पौंडांचा खेळाडू.

क्लफच्या फटकळ बोलण्यावर भरपूर लिहिलं गेलंय. ते इथे बाजूला ठेवू. पैसा कुठे ओतायचा, कुठे वाचवायचा आणि हाताशी असलेल्या माणसाला मैदानावर नेमकं कुठे उभं करायचं, हे त्याला आणि त्याचा सहायक पीटर टेलर याला जितकं कळत होतं तितकं त्या काळात इंग्लंडमध्ये फार थोड्यांना कळत होतं. दोघांची नावं मुद्दाम एकत्र घेतली आहेत. क्लफची कारकीर्द वर्षवार मांडून बघितली की टेलर सोबत असतानाचा आलेख आणि नसतानाचा आलेख सरळ वेगळा दिसतो.

आधी खेळाडू म्हणून. जन्म २१ मार्च १९३५, मिडल्सबरोचा. सेंटर फॉरवर्ड, म्हणजे आघाडीवर मधे खेळून गोल करणारा. मिडल्सबरोसाठी लीगचे २१३ सामने आणि १९७ गोल, संडरलँडसाठी ६१ सामने आणि ५४ गोल. एकूण २७४ सामन्यांत २५१ गोल. हे जवळजवळ सगळे गोल दुसऱ्या डिव्हिजनमधले, म्हणून काही जण ते हलक्यात घेतात. पण दुसऱ्या डिव्हिजनमध्येही या गतीने इतकी वर्षं गोल करणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच निघतील. इंग्लंडकडून त्याला १९५९ मध्ये वेल्स आणि स्वीडनविरुद्ध असे दोनच सामने मिळाले. दोन्हींत गोल नाही.

२६ डिसेंबर १९६२. रोकर पार्कवर संडरलँड विरुद्ध बरी. पुढे टाकलेल्या चेंडूमागे क्लफ धावला, समोरून बरीचा गोलरक्षक ख्रिस हार्कर खाली झेपावला आणि दोघांची टक्कर झाली. क्लफच्या उजव्या गुडघ्याचं क्रूशिएट लिगामेंट तुटलं. गुडघ्यातलं हे लिगामेंट नडगीचं हाड मांडीच्या हाडाखालून पुढे सरकू देत नाही आणि वळताना गुडघा जागेवर ठेवतं. ते तुटलेल्या माणसाला सरळ रेषेत पळता येतं. पण पाय रोवून अंगाला वळण दिलं की गुडघा अंगाखालून निसटल्यासारखा जातो. आज तुटलेल्या लिगामेंटच्या जागी दुसरा स्नायुबंध बसवतात आणि खेळाडू साधारण नऊ महिन्यांत मैदानावर येतो. १९६२ मध्ये ती सोय नव्हती; प्लास्टर, विश्रांती आणि पुन्हा पायऱ्या चढण्याचा व्यायाम एवढंच हातात होतं. सेंटर फॉरवर्डचं तर सगळं कामच वळण्याचं. क्लफ १९६४ च्या सप्टेंबरमध्ये परतला, पहिल्या डिव्हिजनचे तीन सामने खेळला, एक गोल केला आणि थांबला. वय २९.

संडरलँडने त्याला काही काळ युवा संघ सांभाळायला दिला. तेही गेलं. मग ऑक्टोबर १९६५ मध्ये चौथ्या डिव्हिजनच्या तळाशी लोळणाऱ्या हार्टलपूल्स युनायटेडने त्याला मॅनेजर केलं. तिशीतला क्लफ त्या वेळी लीगमधला सर्वांत तरुण मॅनेजर होता. त्याने पहिला फोन केला तो पीटर टेलरला.

टेलर मिडल्सबरोत त्याच्यासोबत गोलरक्षक होता, क्लफपेक्षा जवळजवळ सात वर्षांनी मोठा. गोलरक्षक म्हणून साधाच, पण खेळाडू पारखण्याची नजर विलक्षण. त्याआधी कव्हेंट्रीत हॅरी स्टोरर या मॅनेजरच्या हाताखाली त्याने शिकून घेतलं होतं की दुसऱ्या मैदानावर गेल्यावर आपले कोण कोण अंग चोरतात ते मोजायचं. बर्टन अल्बियनमधली बरी चाललेली नोकरी सोडून, कमी पगारावर तो हार्टलपूल्सला आला. सहायक मॅनेजर ठेवणं क्लबला परवडत नव्हतं, म्हणून कागदावर तो ‘ट्रेनर’ झाला. म्हणजे सामन्यात कुणी पडलं की बादली आणि स्पंज घेऊन पळायचं कामही त्याच्याकडे.

क्लबची अवस्था अशी की पैसे जमवायला क्लफ आसपासच्या पबांत आणि कामगार क्लबांत फिरला. गरज पडली तर संघाची बस आपणच चालवावी म्हणून त्याने मोठ्या बसचं लायसन्स काढलं. चेअरमनने त्याला काढण्याचा प्रयत्न केला, पण बाकीचं मंडळ क्लफच्या बाजूने उभं राहिलं आणि चेअरमनच गेला. पहिल्या मोसमात १८ वा नंबर, दुसऱ्यात ८ वा. आकडा किरकोळ वाटेल, पण वर्षानुवर्षं शेवटच्या चारांत येऊन पुन्हा लीगमध्ये घ्या अशी विनवणी करणाऱ्या क्लबसाठी आठवा नंबर ही चैनच होती.

इथे सोळा वर्षांचा एक मुलगा त्यांना सापडला, जॉन मॅकगव्हर्न. बारीक अंगाचा, पळण्याची ढब जरा विचित्र, वेग नाही. प्रेक्षकांना तो कधीच पटकन आवडायचा नाही. क्लफने त्याला हार्टलपूल्स, डर्बी, लीड्स आणि फॉरेस्ट अशा चारही ठिकाणी खेळवलं. कारण सरळ होतं. मॅकगव्हर्न चेंडू घ्यायचा, जवळच्या मोकळ्या माणसाला द्यायचा आणि पुन्हा चेंडू मागायला जायचा. नव्वद मिनिटं, न लपता, चूक झाल्यानंतरही. मधल्या फळीत असा एक जण असला की बाकी तिघांना धोका पत्करता येतो. फॉरेस्टने जिंकलेले दोन्ही युरोपियन कप कर्णधार म्हणून त्यानेच उचलले.

१९६७ च्या उन्हाळ्यात जोडी डर्बी काउंटीत आली. दुसरा डिव्हिजन, १७ वा नंबर. पहिल्या मोसमाअखेर डर्बी १८ वं होतं, म्हणजे एक पायरी खालीच. पण त्या वर्षातली खरेदी बघा. ट्रॅनमियरमधून १९ वर्षांचा सेंटर हाफ, म्हणजे मधला बचावपटू, रॉय मॅकफार्लंड, सुमारे २४,००० पौंडांना. त्याच्या घरी रात्री जाऊन, त्याला झोपेतून उठवून, सही घेऊनच दोघं निघाले. संडरलँडमधून जॉन ओहेअर, पाठीवर बचावपटू घेऊन चेंडू पायात धरून ठेवणारा सेंटर फॉरवर्ड. फॉरेस्टमधून अ‍ॅलन हिंटन, दोन्ही पायांनी क्रॉस टाकणारा विंगर. गोल करणारा केव्हिन हेक्टर आधीच क्लबात होता. मधला बचाव, चेंडू धरणारा, चेंडू पोचवणारा: हाडं बसली होती.

उरलं होतं ते या पोरांना शांत ठेवणारं कुणीतरी. जुलै १९६८ मध्ये क्लफ लंडनला गेला आणि टॉटनहॅमच्या डेव्ह मकायला ५,००० पौंडांत घेऊन आला. मकाय ३३ वर्षांचा, पाय दोनदा मोडलेला, मायदेशी हार्ट्सकडे परत जायच्या बेतात. आयुष्यभर मैदानाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पळणारा मधल्या फळीतला खेळाडू. डर्बीत त्याला सांगितलं की आता पळायचं नाही. मॅकफार्लंडच्या बाजूला मागे उभं राहायचं, बोलायचं आणि चेंडू आला की लाथाडून न देता पास देऊन बाहेर काढायचा. माझ्या मते क्लफ-टेलरच्या सगळ्या खरेदीत ही सर्वांत शहाणी. पाच हजार पौंडांत त्यांना बचावपटू, कर्णधार आणि मॅकफार्लंडसाठी मैदानातच उभा असलेला शिक्षक मिळाला. १९६८-६९ ला डर्बी ६३ गुणांनी दुसऱ्या डिव्हिजनचं विजेतं झालं, दुसऱ्या नंबरच्या क्रिस्टल पॅलेसपेक्षा ७ गुण पुढे. विजयाला तेव्हा दोनच गुण मिळायचे, हे लक्षात ठेवावं लागतं. त्या वर्षीचा फुटबॉल लेखकांचा सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कार मकाय आणि मँचेस्टर सिटीचा टोनी बुक यांना विभागून मिळाला.

पुढच्या मोसमात पहिल्या डिव्हिजनमध्ये चौथा नंबर. पण क्लबच्या हिशेबात गडबड सापडली. १०,००० पौंड दंड झाला आणि युरोपात खेळायला एक वर्ष बंदी. मैदानावर कमावलेलं ऑफिसात गेलं. मग प्रेस्टनमधून आर्ची गेमिल आला, छोट्या चणीचा आणि न थकणारा. त्याची सही मिळेपर्यंत क्लफ त्याच्या घरीच मुक्कामाला राहिला. फेब्रुवारी १९७१ मध्ये कॉलिन टॉडसाठी सुमारे १,७५,००० पौंड मोजले. मकायनंतर मॅकफार्लंडच्या शेजारी कोण, याचं उत्तर त्याच्या शेवटच्या मोसमातच तयार ठेवलं होतं.

१९७१-७२ चा शेवट फार अटीतटीचा झाला. डर्बीचा शेवटचा सामना १ मे रोजी लिव्हरपूलशी. उजव्या बॅकला सोळा वर्षांचा स्टीव्ह पॉवेल, गोल मॅकगव्हर्नचा, १-०. डर्बी ५८ गुणांवर, पण लीड्स आणि लिव्हरपूल यांचा एकेक सामना बाकी. संघ टेलरसोबत मायोर्काला सुट्टीवर निघून गेला, क्लफ कुटुंबासोबत सिली बेटांवर. ८ मे रोजी लीड्सला वुल्व्हजविरुद्ध एक बरोबरी पुरेशी होती. ते २-१ हरले. लिव्हरपूल आर्सेनलशी ०-० सुटलं. दोघंही ५७ वर, मँचेस्टर सिटीही ५७ वर. डर्बी इतिहासात पहिल्यांदा विजेतं झालं.

पुढच्या वर्षी युरोपियन कपात बेनफिकाला ३-० हरवून उपांत्य फेरीपर्यंत मजल, तिथे युव्हेंटसकडून हार. मग क्लबातलं भांडण पेटलं. चेअरमन सॅम लाँगसनला क्लफचं टीव्हीवरचं आणि वर्तमानपत्रांतलं बोलणं खटकत होतं. ऑक्टोबर १९७३ मध्ये जॅक कर्कलंड या संचालकाने टेलरला विचारलं की तुझं क्लबात नेमकं काम काय. हा प्रश्न वाचला की चीड येते, कारण संघातल्या अर्ध्या खेळाडूंची निवडच त्या माणसाच्या कामाचा पुरावा होती. दोघांनी राजीनामे दिले आणि ते स्वीकारले गेले. खेळाडूंनी बंडाची भाषा केली, शहरात मोर्चे निघाले, पण उपयोग झाला नाही. त्या घडणीचा भक्कमपणा असा की मकाय मॅनेजर म्हणून परत आला आणि बऱ्याच अंशी त्याच खेळाडूंना घेऊन १९७४-७५ ची लीग जिंकला.

डर्बीनंतर दोघं ब्रायटनला गेले. त्यावर फार वेळ घालवायला नको. तिसरा डिव्हिजन, घरच्या मैदानावर हौशी वॉल्टन अँड हर्शमकडून ४-० आणि ब्रिस्टल रोव्हर्सकडून ८-२ अशी हार. क्लफचं मन तिथे नव्हतं.

लीड्स मात्र बारकाईने बघायला हवं. जुलै १९७४ च्या अखेरीस क्लफ विजेत्या संघाचा मॅनेजर झाला. टेलर ब्रायटनमध्येच थांबला. ४४ दिवसांत हकालपट्टी. लीगचे सहा सामने, एक विजय, दोन बरोबरी, तीन पराभव. त्याने आधी वर्षानुवर्षं लीड्सच्या आडदांड खेळावर जाहीर टीका केली होती, त्यामुळे खेळाडू नाराज होते, हे कारण सगळे सांगतात आणि ते खरंही आहे. पण त्याखाली निव्वळ कामाची कारणंही होती. मोसमाच्या सुरुवातीच्या चॅरिटी शील्ड सामन्यात कर्णधार बिली ब्रेम्नर आणि लिव्हरपूलचा केव्हिन कीगन यांना मारामारीवरून बाहेर काढलं आणि ब्रेम्नरवर लांबलचक बंदी आली. सेंटर फॉरवर्ड मिक जोन्सचा गुडघा कामातून गेला होता. संघ सगळा एकाच वेळी तिशीकडे झुकलेला. अशा वेळी क्लफने मॅकगव्हर्न, ओहेअर आणि डंकन मॅकेंझी यांना आणलं. ड्रेसिंग रूममध्ये त्याचा अर्थ असा लागला की ब्रेम्नर आणि जोन्सच्या जागा भरल्या जात आहेत. डर्बीत जुन्या खेळाडूंना वाट दाखवताना टेलर मधे असायचा. तो आधी बोलायचा, कुणाचं काय दुखतंय ते क्लफच्या कानावर घालायचा. इथे असं सांगणारा कुणी नव्हता. तोच संघ त्याच मोसमात जिमी आर्मफील्डच्या हाताखाली युरोपियन कपच्या अंतिम सामन्यापर्यंत गेला.

६ जानेवारी १९७५ ला क्लफ फॉरेस्टमध्ये आला. टेलरशिवाय पहिला अर्धा मोसम संपला तो १६ व्या नंबरवर, दुसरा मोसम ८ व्या. जुलै १९७६ मध्ये टेलर आला: तिसरा नंबर आणि बढती, मग लीग विजेतेपद, मग युरोपियन कप, मग पुन्हा युरोपियन कप. चार वर्षं.

हे चौघांच्या-पाचांच्या बदलातून कसं घडलं ते सांगायलाच हवं.

जॉन रॉबर्टसनपासून सुरुवात करू. स्कॉटिश, मधल्या फळीत खेळायचा, वजन वाढलेलं, सिगारेट हातात, वेग जवळजवळ नाही, आणि क्लबने विकायला काढलेला. त्याला डाव्या टचलाइनवर नेऊन उभं केलं आणि तिथेच राहायला सांगितलं. सराव शिबिरात टेलरने त्याला वजन आणि राहणीवरून असं काही झोडपलं की त्याला हादरा बसला. विंगर म्हटला की समोरच्या बॅकला, म्हणजे कडेच्या बचावपटूला, वेगाने मागे टाकणारा, ही आपली कल्पना. रॉबर्टसन बॅकला मागे टाकायचाच नाही. चेंडू पायाशी घेऊन तो उभा राहायचा, अंगाने एकदा आत झुकायचा, बॅकचं वजन त्या बाजूला पडलं की अर्धा यार्ड चेंडू बाजूला सारून क्रॉस टाकायचा. क्रॉसला अर्धा यार्ड पुरतो. दोन्ही पाय सारखेच चालायचे, त्यामुळे बॅकला कुठली बाजू बंद करायची ते ठरवता यायचं नाही. फॉरेस्टच्या बाकी सगळ्यांना सूचना साधी होती: अडलात तर चेंडू डावीकडे द्या. डिसेंबर १९७६ ते डिसेंबर १९८० या काळात तो सलग २४३ सामने खेळला. ज्याला क्लब विकायला निघाला होता त्याच्याशिवाय चार वर्षं एकही सामना झाला नाही.

त्याच्यामुळे संघ एका बाजूला कलू नये, यासाठी उजवीकडे मार्टिन ओनील. ओनीलला विंगर म्हणून चमकायचं होतं. त्याच्या वाट्याला आलं आत सरकून मधल्या फळीला चौथा माणूस पुरवणं. त्यावरून त्याची आणि क्लफची कुरबुर कायम चालली. ओनीलचं दुःख समजतं, पण हिशेब क्लफचा बरोबर होता.

बचावात लॅरी लॉइड, लिव्हरपूलमधून कव्हेंट्रीत जाऊन विस्मरणात गेलेला, सुमारे ६०,००० पौंडांना. हवेतला चेंडू त्याचा. त्याच्या शेजारी केनी बर्न्स. हा बर्मिंगहॅमचा सेंटर फॉरवर्ड, जुगार आणि दंगा यांबद्दल बदनाम. टेलरने कुत्र्यांच्या शर्यतीच्या ट्रॅकवर जाऊन लपूनछपून त्याच्यावर नजर ठेवली, तो खरोखर किती उधळतो ते पाहिलं आणि मग सुमारे १,५०,००० पौंडांना घ्यायला हरकत नाही असं सांगितलं. आणि त्याला आघाडीवरून काढून बचावात टाकलं. सेंटर फॉरवर्ड काय करणार हे सेंटर फॉरवर्डला आधी कळतं, आणि बर्न्सचा पास बचावपटूच्या मानाने फार चांगला होता. पहिल्याच मोसमात, १९७८ मध्ये, तो फुटबॉल लेखकांचा वर्षातला सर्वोत्तम खेळाडू ठरला.

पैसा ओतला तो पीटर शिल्टनवर. सप्टेंबर १९७७, सुमारे २,७०,००० पौंड, गोलरक्षकासाठी तेव्हा अवाढव्य रक्कम. दुसऱ्या डिव्हिजनमधून नुकत्याच वर आलेल्या क्लबने गोलरक्षकावर एवढं का घालावं? टेलर स्वतः गोलरक्षक होता. त्याचं म्हणणं असं की चांगला गोलरक्षक मोसमाला कित्येक गुण वाचवतो आणि त्याची कारकीर्दही लांब असते. त्या मोसमात फॉरेस्टने ४२ सामन्यांत २४ गोल खाल्ले. २५ विजय, १४ बरोबरी, ३ पराभव, ६४ गुण, लिव्हरपूल ५७. कव्हेंट्रीत ०-० झालेल्या ज्या सामन्याने विजेतेपद पक्कं झालं, त्यातही शिल्टनने अगदी जवळून मारलेलं हेडर अडवलं होतं.

नोव्हेंबर १९७७ पासून पुढे बारा महिने फॉरेस्ट लीगमध्ये हरलंच नाही: ४२ सामने, २१ विजय, २१ बरोबरी. ९ डिसेंबर १९७८ ला लिव्हरपूलने ती मालिका तोडली. हा विक्रम आर्सेनलने मोडला तो थेट ऑगस्ट २००४ मध्ये.

सरावाबद्दल ऐकलं की आजच्या प्रशिक्षकांना नवल वाटेल. पाच-पाच जणांचे सामने, ट्रेंट नदीकाठी चालणं, भरपूर सुट्टी. फळ्यावर रेघोट्या जवळजवळ नाहीत. प्रत्येकाला दोन-तीनच गोष्टी सांगायच्या आणि त्या त्याला येतात त्याच असायच्या. पंचांशी हुज्जत घालायची नाही, हा नियम मात्र कडक. यामागे हिशेब होता: कार्डं कमी म्हणजे बंदी कमी, बंदी कमी म्हणजे तेच अकरा जण पुन्हा पुन्हा एकत्र.

युरोपात पहिल्याच फेरीत गाठ पडली सलग दोनदा कप जिंकलेल्या लिव्हरपूलशी. घरी २-० (बर्टल्स आणि कॉलिन बॅरेट), तिकडे ०-०. उपांत्य फेरीत घरच्या मैदानावर कोलोनशी ३-३ झाल्यावर बहुतेकांनी आशा सोडली. जर्मनीत बोयरच्या हेडरवर १-० जिंकले. फ्रान्सिसची नोंदणी उशिरा झाल्यामुळे तो युरोपात पहिल्यांदा खेळला तो थेट अंतिम सामन्यात. पूर्वार्ध संपता संपता रॉबर्टसनने डावीकडून दोघांना चकवून क्रॉस टाकला, फ्रान्सिस दूरच्या खांबापर्यंत पळत आला, हेडर, १-०. दुखापतीतून नुकतेच उठलेले ओनील आणि गेमिल बाकावर बसून होते. दोघांनीही आपण तंदुरुस्त असल्याचं सांगितलं होतं. क्लफने ऐकलं नाही.

समोर होतं स्वीडनचं माल्मो, आणि माल्मोचा प्रशिक्षक होता बॉब हाउटन. हेच हाउटन २००६ ते २०११ भारताचे प्रशिक्षक होते. २००७ आणि २००९ चा नेहरू कप, २००८ चा एएफसी चॅलेंज कप आणि त्यातून २०११ च्या आशियाई कपचं तिकीट त्यांच्याच काळातलं. गोव्याचे महेश गवळी, क्लायमॅक्स लॉरेन्स, समीर नाईक ज्यांच्या हाताखाली खेळले, त्यांनी क्लफसमोर युरोपियन कपची अंतिम लढत दिली होती, हे आपल्याकडे फारसं कुणी सांगत नाही.

पुढच्या वर्षी, २८ मे १९८०, माद्रिद. हँबुर्गने उपांत्य फेरीत रेआल माद्रिदला ५-१ झोडपलं होतं आणि त्यांच्याकडे कीगन होता. फ्रान्सिस जखमी. क्लफने दुसरा स्ट्रायकर शोधलाच नाही. मधल्या फळीत अठरा वर्षांचा गॅरी मिल्स घातला आणि पुढे एकटा बर्टल्स. विसाव्या मिनिटाला रॉबर्टसन आत वळला, बर्टल्सशी देवाणघेवाण केली आणि उजव्या पायाने खालून कोपऱ्यात मारलं. उरलेली सत्तर मिनिटं बचाव. बर्टल्स शेवटी इतका दमला होता की त्याला मोजे गुडघ्यापर्यंत ओढायचं त्राण नव्हतं. १-०.

मग घसरण. कारणं तीन, आणि तिन्ही एकमेकांत गुंतलेली. विथ, वुडकॉक, गेमिल, बर्टल्स, बर्न्स, लॉइड, ओनील, शिल्टन हे १९७८ ते १९८२ या काळात एकेक करून विकले गेले आणि त्यांच्या जागी महागडे, न जुळणारे लोक आले. १९८० मध्ये मोठा एक्झिक्युटिव्ह स्टँड उभा राहिला आणि त्याचं कर्ज डोक्यावर बसलं, पण प्रेक्षक घटले. आणि १९८२ मध्ये टेलर निवृत्त झाला.

जस्टिन फॅशानूचं प्रकरण इथेच सांगायला हवं. १९८१ मध्ये नॉर्विचमधून दहा लाख पौंडांना आणलेला हा तरुण स्ट्रायकर समलिंगी असल्याचं कळल्यावर क्लफने त्याला सर्वांदेखत हिणवलं, सरावाला यायला बंदी केली आणि पोलीस बोलावून मैदानाबाहेर काढायला लावलं. रॉबर्टसनमध्ये जे कुणाला दिसलं नाही ते बघणाऱ्या माणसाने एका घाबरलेल्या वीस वर्षांच्या मुलाशी असं वागावं, याला कुठलंही समर्थन नाही. क्लफला पुढे त्याचा पश्चात्ताप झाला, पण फॅशानूची कारकीर्द तोवर मोडली होती.

टेलर काही महिन्यांत डर्बीचा मॅनेजर झाला, आणि १९८३ मध्ये क्लफ एका मदतनिधीच्या पदयात्रेवर असताना त्याने रॉबर्टसनला डर्बीसाठी घेतलं. आधी कानावर घातलं नाही. त्यानंतर दोघं कधीच बोलले नाहीत. १९९० च्या ऑक्टोबरमध्ये टेलर मायोर्कात वारला.

एकट्या क्लफनेही पुढे बरंच केलं, ते नाकारायचं कारण नाही. १९८९ आणि १९९० चे लीग कप. मुलगा नायजेल, डेस वॉकर, स्टुअर्ट पिअर्स यांचा देखणा संघ. आयर्लंडच्या कोव्ह रँबलर्समधून आणलेला रॉय कीन. पण १९९२ मध्ये वॉकर इटलीला आणि टेडी शेरिंगम टॉटनहॅमला गेला, आणि बदली कुणीच आलं नाही. गोल वाचवणारा गेला, गोल करणारा गेला. दारूनेही तोवर क्लफला पोखरलं होतं. पहिल्यावहिल्या प्रीमियर लीगमध्ये ४२ सामन्यांत ४० गुण, शेवटचा नंबर, आणि अठरा वर्षांनी निवृत्ती. २० सप्टेंबर २००४ ला तो गेला.

डर्बीच्या स्टेडियमबाहेर २०१० पासून क्लफ आणि टेलर यांचा एकत्र पुतळा आहे. नॉटिंगहॅमच्या चौकातला २००८ चा पुतळा एकट्या क्लफचा आहे. ज्या एक्झिक्युटिव्ह स्टँडच्या कर्जाने संघ वाकला, त्याला आता ब्रायन क्लफ स्टँड म्हणतात. आणि मैदानाच्या बरोब्बर समोरच्या बाजूला जो जुना मेन स्टँड होता, त्याचं नाव आता पीटर टेलर स्टँड आहे.